आजोबा आठवायचे कसे: किहीमच्या आजीचे कानमंत्र

बाळांनो, आजोबांचं वर्षश्राद्ध जवळ आलं. घरच्या ग्रुपवर तुम्ही सगळ्यांनी त्यांच्याबद्दल दोन-दोन ओळी लिहिल्यात, त्या मी चष्मा लावून वाचल्या. प्रेमळ, मनमिळाऊ, कष्टाळू, कुटुंबवत्सल. खोटं त्यात काही नाही. पण वर्तमानपत्रात ‘दुःखद निधन’च्या चौकटीत ज्यांचे फोटो येतात, त्या सगळ्यांबद्दल हेच छापलेलं असतं. जन्मभर शाळेत निबंध तपासले म्हणून सांगते, या निबंधाला मी दहापैकी चारच गुण दिले असते.

आपल्या अलिबाग तालुक्यात इतिहासाला तोटा नाही. कान्होजी आंग्र्यांची समाधी अलिबागेत आहे. चरीच्या शेतकऱ्यांनी 1933 पासून सहा वर्षं जमिनी पडीक ठेवून खोतांविरुद्ध संप चालवला. त्या संपाचे पुढारी नारायण नागू पाटील पुस्तकांत आहेत आणि असायलाच हवेत. पण त्या सहा वर्षांत घराघरांतल्या चुली कोणी पेटत्या ठेवल्या, आजारी पोर खांद्यावर टाकून वैद्याकडे कोण धावलं, ते कुठल्या पुस्तकात मिळायचं नाही. घरासाठी जगलेल्या माणसाची नोंद घरानेच ठेवायची असते. ती कशी ठेवायची, ते आज सांगून ठेवते.

पहिला कानमंत्र: विशेषणं खोडा, कामं लिहा

‘आजोबा प्रेमळ होते’ हे खोडा. त्या जागी लिहा, की शनिवारी मुंबईत गिरणी सुटली की ते भाऊच्या धक्क्यावरून लाँच धरायचे, रेवसला उतरायचे, एस.टी.ने चोंढीपर्यंत यायचे आणि तिथून अंधारात चालत घर गाठायचे. पावसाळ्यात समुद्र खवळून लाँच बंद झाली, तर पनवेल-पेणचा वळसा घालून यायचे, पण यायचे. रविवारी सकाळी आधी विहिरीचा दोर तपासायचे, मग मुलांची दप्तरं. आता मांडव्याला मोटारीसकट माणसं उतरवणारी रो-रो बोट आहे, 2020 पासून. तुम्ही गाडीत बसल्या बसल्या तासाभरात समुद्र ओलांडता. म्हणून तो जुना रस्ता लिहून ठेवा. दर आठवड्याला एवढी पायपीट कोण कशासाठी करतो, हे वाचणाऱ्याला आपोआप कळतं. प्रेम हा शब्दसुद्धा लिहावा लागत नाही.

लिहिताना वेळ, जागा आणि वस्तू यांचं नाव घ्या. ‘ते सगळ्यांना मदत करायचे’ यातून काही दिसत नाही. ‘वाडीतली शहाळी उतरली की पहिलं शहाळं आळीतल्या बाळंतिणीच्या घरी जायचं’ यातून माणूस दिसतो.

दुसरा कानमंत्र: जे पाहिलं तेच लिहा, दोषांसकट

1930 साली सलीम अली जर्मनीहून पक्षिशास्त्राचे धडे घेऊन परत आले, तेव्हा त्यांच्या हाताला नोकरी नव्हती. मुंबईत राहणं परवडेना, म्हणून ते आणि त्यांच्या पत्नी तहमिना आपल्या किहीमला येऊन राहिले. घराजवळ सुगरणींची वसाहत होती. सलीम अलींनी त्या हंगामात एकच काम केलं. तासन्‌तास बसून, कुठला नर काय करतो, मादी कधी येते, घरट्यात शिरून काय बघते, हे जसंच्या तसं टिपून ठेवलं. लोक समजत होते की जोडी जमते, मग दोघं मिळून घर बांधतात. सलीम अलींना वेगळंच दिसलं. नर आधी अर्धवट घरटं विणून ठेवतो, मादी येऊन ते पारखते, पसंत पडलं तरच राहते. मग नर घरटं पुरं करतो, आणि ती अंड्यांवर बसली की दुसरीसाठी नवं घरटं विणायला घेतो. पिल्लांचं बघते ती बहुतेक मादीच. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात 1931 साली हे निरीक्षण छापून आलं आणि किहीमचं नाव पक्षिशास्त्रात गेलं.

तेव्हा संसारी पुरुषाचा दाखला म्हणून कोणी सुगरणीच्या नराचं नाव घेतलं, तर घेऊ देऊ नका. पण सलीम अलींची रीत मात्र घ्या. आधी बघायचं, मग लिहायचं, आणि जे आपल्याला आवडलं असतं ते मध्ये घुसवायचं नाही.

तुमचे आजोबा तापट होते. बॅटरी जागेवर नसली तर घर डोक्यावर घ्यायचे. पाहुण्यांसमोर बोलायचे कमी आणि जेवायचे भराभर. सिनेमाला मला त्यांनी फार वेळा नेलं नाही. हेसुद्धा लिहा. दोष लिहिले की माणूस लहान होत नाही, आणि गुण लिहिलेले खरे वाटायला लागतात. देवासारखा माणूस लिहून ठेवलात तर तुमच्या पोरांना तो ओळखूच येणार नाही. एक पथ्य मात्र पाळा. जी गोष्ट त्यांनी विश्वासाने एकट्याला सांगितली, ती कागदावर आणायची नाही.

तिसरा कानमंत्र: ज्याने वाढवलं त्याचं नाव आधी

सलीम अलींचीच गोष्ट पुढे सांगते. त्यांचा जन्म 1896 चा, भावंडांत सगळ्यांत धाकटे. ते वर्षाचे असताना वडील गेले आणि तीन वर्षांचे असताना आई. ही सगळी पोरकी भावंडं मामांनी, म्हणजे अमीरुद्दीन तय्यबजींनी, खेतवाडीच्या आपल्या घरी आणली. मामा-मामींना स्वतःचं मूल नव्हतं. मामा शिकारी होते, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे जुने सभासद होते. भाच्याने मारलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला आणि पोराला प्रश्न पडला, तेव्हा ‘चिमणी ती चिमणी, जा खेळ’ असं मामा म्हणाले नाहीत. त्यांनी पोराची सोसायटीच्या मिलर्ड साहेबांशी गाठ घालून दिली. पुढचं जगाला ठाऊक आहे.

पण मामाबद्दल जगाला का ठाऊक आहे? कारण सलीम अलींनी नव्वदीच्या उंबरठ्यावर, 1985 साली, ‘द फॉल ऑफ अ स्पॅरो’ हे आत्मचरित्र लिहिलं आणि त्यात मामाचं घर लिहिलं. लिहिलं नसतं, तर अमीरुद्दीन तय्यबजी हे नाव नातलगांपुरतंच उरलं असतं.

आपल्या घरातही हे लक्षात ठेवा. आजोबांनी तुमच्या आत्याच्या दिराचा मुलगा दहावीपर्यंत इथे ठेवून घेतला होता. त्याचं ताट तुमच्या बाबांच्या ताटाशेजारीच पडायचं. वंशावळीच्या तक्त्यात हे बसत नाही, कारण तक्त्यात फक्त रक्ताची रेघ असते. म्हणून तक्त्याखाली एक वेगळी यादी करा: या घरात कोण कोण वाढलं. आजोबांची खरी मिळकत त्या यादीत सापडेल.

चौथा कानमंत्र: घराची एक वही असू द्या

याच तय्यबजी कुळात, बद्रुद्दीन तय्यबजींच्या पिढीपासून, एक सुंदर रीत होती. हे बद्रुद्दीन म्हणजे 1887 साली मद्रासला भरलेल्या काँग्रेसचे अध्यक्ष. घरात ‘अखबार’ नावाच्या वह्या असत. वर्तमानपत्र नव्हे, घरच्याच वह्या. कोण पाहुणा आला, कोण आजारी पडलं, कुठे सहल गेली, हे घरातल्याच माणसांनी लिहायचं, बायकांनी आणि मुलांनीसुद्धा. पुढे अभ्यासकांना त्या वह्यांतून शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचं घर वाचता आलं. एवढं मोठं कुळ, घरात बॅरिस्टर आणि न्यायमूर्ती, तरी त्यांना आजारपण आणि सहल लिहून ठेवण्याजोगी वाटली, हे मला फार आवडतं.

तुम्हीही करा. जाड पुठ्ठ्याची दोनशे पानी वही घ्या. आपल्या हवेत खारट ओल असते, म्हणून ती भिंतीतल्या कपाटात नको, फळीवर उघड्या हवेत ठेवा. नियम थोडेच. तारीख आणि लिहिणाऱ्याचं नाव हवंच. लहान मुलांनी लिहिलेलं शुद्धलेखन सुधारायचं नाही, हे मी शिक्षिका असून सांगते. भांडण झालं तर झालं एवढंच लिहायचं, निकाल द्यायचा नाही. आणि आंब्याला मोहोर कधी आला, विहिरीचं पाणी कधी खाली गेलं, कांद्याची माळ कितीला गेली, हे लिहायला कंटाळायचं नाही. आजोबा हे सगळं कॅलेंडरच्या चौकटीत पेन्सिलीने लिहायचे. ती कॅलेंडरं मी रद्दीत घालू दिली नाहीत. माळ्यावर आहेत, ती आधी खाली काढा.

पाचवा कानमंत्र: फोटोला नाव नसेल तर तो फोटो परक्याचा

दोन पिढ्या गेल्या की लग्नातल्या फोटोत उभे असलेले लोक कोणालाच ओळखता येत नाहीत. मी आहे तोवर बसा माझ्यासमोर आणि एकेका फोटोमागे नावं लिहून घ्या. मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने, कडेला. बॉलपेनने लिहू नका, त्याचा वण पुढच्या बाजूला उठतो आणि शाई पाझरते. जुन्या फोटोला प्लॅस्टिक चिकटवून घेऊ नका, आत ओल राहिली की तो आतल्या आत खराब होतो. मोबाइलवर त्याचा फोटो काढायचा असेल तर खिडकीच्या उजेडात काढा, फ्लॅश बंद ठेवून. तो दोन वेगळ्या घरांत साठवा.

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं, तेव्हा आपल्या पट्ट्यात कौलं आणि पत्रे उडाले आणि घराघरांतल्या ट्रंका भिजल्या. पुन्हा असं झालं तर लक्षात ठेवा. एकमेकांना चिकटलेले ओले फोटो ओढून सोडवायचे नाहीत. स्वच्छ पाण्यात ठेवले की ते बऱ्याचदा आपले आपण सुटतात. मग सावलीत, चित्राची बाजू वर करून, एकेक वेगळा वाळवायचा. उन्हात टाकलेत तर गुंडाळी होईल.

सहावा कानमंत्र: म्हाताऱ्यांना मोठे प्रश्न विचारू नका

‘आजी, तुमचं आयुष्य कसं गेलं?’ याला ‘बरं गेलं’ याखेरीज मी काय उत्तर देणार? बारीक विचारा. पहिला पगार कोणाच्या हातावर ठेवलात? 1982 साली गिरण्यांचा संप लागला तेव्हा घरात काय शिजत होतं? परसातली विहीर कोणी खणली? मग बघा, माणूस बोलायला लागतो. मोबाइल टेबलावर ठेवा, रेकॉर्डिंग सुरू आहे हे आधी सांगा आणि मग त्याच्याकडे बघू नका. म्हातारा माणूस गप्प झाला तर लगेच पुढचा प्रश्न टाकू नका. तो गप्प असतो तेव्हा आठवत असतो. हात कामात असले की जीभ सैल सुटते, म्हणून वाल सोलताना विचारा, सुपाऱ्या निवडताना विचारा. तुमच्या आजोबांनी आपल्या आईबद्दल जे काही सांगितलं, ते सगळं झावळ्यांचे हीर काढता काढता.

सातवा कानमंत्र: त्यांचं काम हातात उतरवा

फोटोला हार घालणं सोपं आहे. त्यांना जे येत होतं त्यातलं निदान एक तरी तुम्हाला आलं पाहिजे.

माड लावायचा तर पावसाआधी खड्डा खणून ठेवायचा, तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट खोल. दोन माडांत पंचवीस फूट अंतर. नवीन माणसाला ते फार वाटतं आणि तो मध्ये आणखी एक रोप घुसवतो. पुढे झाप एकमेकांत अडकतात आणि दोन्ही माड उजेडासाठी नुसते वर पळतात. रोप नऊ महिने ते वर्षाचं, आखूड आणि जाड बुंध्याचं निवडायचं, उंच आणि लुकडं नाही. पहिली दोन वर्षं उन्हाळ्यात त्याला सावली करायची. बाणवली माड धरायला सहा-सात वर्षं लागतात. वादळात माड आणि पोफळी आडव्या झाल्या, त्याच वर्षी आजोबांनी पुन्हा खड्डे खणायला घेतले. हिशेब त्यांनाही येत होता. ते माड त्यांनी तुमच्यासाठी लावलेत, तेव्हा पाणी घालायची पाळीही तुमची.

पांढऱ्या कांद्याचं तसंच. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला आता भौगोलिक मानांकन मिळालं आहे, पण मानांकनाने बी टिकत नाही, ते घरांनी टिकवलं. भाताची कापणी झाली की त्याच जमिनीत हा कांदा घेतात. चांगले, मध्यम, एकसारखे कांदे आजोबा विकायच्या आधी बाजूला काढायचे. बियाण्याचा कांदा गिऱ्हाइकाने कितीही भाव दिला तरी सुटायचा नाही. माळ विणताना पात पूर्ण वाळू द्यायची नाही, मोडते. थोडी लवचीक असतानाच विणायची.

आणि पोपटी. थंडीत वालाच्या शेंगा आल्या की मडक्यात तळाला आणि वर भांबुर्ड्याचा पाला, मध्ये शेंगा, मीठ, ओवा. पाण्याचा थेंब नाही. मडकं उपडं ठेवून भोवती पालापाचोळा पेटवायचा. झाली का ते ओळखायचं कसं? मडक्यावर पाणी शिंपडा. चर्र होऊन तिथल्या तिथे आटलं की झाली. उघडून बघायची घाई केली तर शेंगा कच्च्या राहतात. वर्षश्राद्धाचं काय करायचं ते करा, पण दर थंडीत एक पोपटी त्यांच्या नावाने लावा आणि ती नातवंडांनी लावायची. मोठ्यांनी नुसतं बसायचं.

आठवा कानमंत्र: कागद वेळेवर, आणि बहिणींना धरून

हे ऐकायला रुक्ष वाटेल, पण संसारी माणसाचं नाव राहतं किंवा जातं ते इथेच. मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत करायची. दाखल्याच्या चार-पाच प्रती काढून ठेवायच्या. जमीन असेल तर वारस नोंदीचा अर्ज तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे द्यायचा, ज्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. फेरफार झाला की सातबारा काढून स्वतः वाचायचा, नाव आणि हिस्सा दोन्ही. बँकेत नॉमिनी असला म्हणजे पैसे त्याचे झाले असं नाही. तो वारसांसाठी हातात घेतो.

आता खरं सांगायचं ते. आपल्याकडे जमिनीला सोन्याचा भाव आला आहे. माणूस गेला की दिवसांतच दलाल उंबऱ्याशी येतात, आणि कोणीतरी शहाणा हळूच म्हणतो, बहिणी आल्याच आहेत तर हक्कसोडपत्रावर सह्या घेऊन टाका. वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतकाच हक्क महाराष्ट्राने 1994 साली, तोवर लग्न न झालेल्या मुलींना दिला, देशाच्या कायद्यात तो 2005 साली आला. बहिणीला हक्क सोडायचा असेल तर तिने शांत डोक्याने, सगळं वाचून, स्वतःच्या मर्जीने सोडावा. रडत्या डोळ्यांची सही घ्यायची नाही. आजोबांनी हयातीत सांगून ठेवलं होतं, की तेराव्यापर्यंत या घरात स्टँपपेपर यायचा नाही. आला नाही. म्हणूनच तुमच्या आत्या आजही माहेरी येतात, त्यांच्या हक्काने येतात.

एवढं सगळं एका वर्षात होणार नाही आणि व्हायला नको. आधी कॅलेंडरं खाली काढा, मग फोटोंची नावं. वही येत्या पाडव्याला सुरू करा, पहिलं पान धाकटीने लिहायचं.

आणि हे वाचणाऱ्या इतर घरांतल्या पोरांनो, तुमचे आजोबा अजून ओटीवर बसून पेपर वाचत असतील, तर तुम्ही माझ्या नातवंडांपेक्षा भाग्यवान आहात. येत्या रविवारी त्यांच्याजवळ जा, सोलायला वाल घ्या, आणि पहिला पगार कोणाच्या हातावर ठेवला ते विचारा. उत्तर त्याच दिवशी, तारीख घालून, लिहून ठेवा.